अडकलेली ओळ

केमी, फेब्रुवारी, उणे बावीस.
ग्रंथालयाच्या तळघरात एकोणचाळीस खुर्च्या,
भिंतीवर ओल्या कोटांची रांग,
आणि मागच्या टेबलाशी मी, ल्युबिंका, व्रान्येची,
एका बटणावर बोट ठेवून.
काम एवढंच: आमची माणसं पडद्यावर तोंड उघडतील
तेव्हा खाली फिनिश ओळ सोडायची.

सिनेमा तसा साधा.
दोन भाऊ, मधे कुंपण, कुंपणात आलुबुखाराचं झाड,
आणि झाडापायी चौदा वर्षांचा अबोला.
पण वडिलांमागे राहिलेली कवळी एकच.
ज्याच्या घरी पाहुणा, त्याच्या तोंडात दात.
कवळी रकियाच्या पेल्यातून ये-जा करते,
पेला नेते शेजारची पोर,
आणि पोरीमागे, का कोण जाणे, बकरी.

पहिली वीस मिनिटं कुणी हसलं नाही.
हसू आवरून धरलेली माणसं मला ओळखता येतात,
ही तशीही नव्हती.
ती नुसती नीट वाचत होती.

मग पाद्री थोरल्यावर ओरडला,
आणि मी ओळ सोडली:
*तुझा बापही असाच होता.*

ती तिथेच अडकली.
बटण दाबलं. परत दाबलं.
टेबलाखाली शिरून वायर हलवली,
देवाचं नाव घेतलं, मग देवाला नावं ठेवली.
वर सिनेमा पुढे चाललेला,
खाली ओळ ढिम्म.

बकरी सरकारी दाखला खाते, शिक्क्यासकट:
*तुझा बापही असाच होता.*
साहेब डोक्यावरचा चष्मा टेबलाखाली शोधतात:
*तुझा बापही असाच होता.*
नवरी मांडवातून पळते आणि विसरलेली पर्स न्यायला परत येते,
आणि खाली तेच.

पहिला फुटला बेर्झान, स्टेशनजवळचा पिझ्झावाला.
त्याचं हसणं म्हणजे पिठाचं पोतं जिन्यावरून घरंगळावं तसं.
त्याच्या शेजारची नर्स त्याच्याकडे बघून हसली,
तिच्यामागची दोन पोरं तिच्याकडे बघून,
आणि मग कोण कुणाकडे बघून, त्याला हिशेब उरला नाही.
कोट खुंट्यांवरून पडले.
लोकांना वाटलं, सिनेमाच असा आहे.
मी टेबलाखालीच बसून राहिले,
गुडघे छातीशी, डोळ्यांत पाणी,
कारण बाबाही दात घासताना चष्मा शोधायचे.

अकरा मिनिटं.
तोवर पडद्यावर थोरला मेला होता.

धाकट्याने तोंडातून कवळी काढली,
बाहीला पुसली,
भावाच्या तोंडात बसवली, जबडा मिटला,
आणि तेराव्याच्या नव्हे, त्याच दिवसाच्या जेवणाला बसून
बोळक्या तोंडानं पाव चघळत राहिला.
खाली: *तुझा बापही असाच होता.*

तळघर गप्प.
एकटी हिल्क्का हसली, ऐंशीच्या पुढची,
मोठ्यानं, रुमाल न शोधता.

तेवढ्यात यंत्र सुटलं.
अकरा मिनिटांचे सगळे संवाद
एकावर एक झरझर वाहून गेले.
कुणी वाचले नाहीत.

कोट घालताना हिल्क्का मला म्हणाली,
"माझा नवरा आणि दीर. होडीच्या मोटरवरून. बावीस वर्षं."
मग कुणाला मिळाली, मी विचारलं.
"माझ्या शेडमध्ये आहे," ती म्हणाली,
"दोघांनाही माहीत नव्हतं."

रात्री आईला फोन केला.
आमच्या गावात सिनेमा लागला तेव्हा
एक माणूस हसलं नव्हतं;
मध्यंतरात बकरी मिलुन्काची की स्तानोयेची
यावरून खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या.
आईला सांगितलं, इथे लोक हसून हसून आडवे झाले.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
"हसण्यासारखं काय होतं त्यात?" ती म्हणाली,
आणि मग, फोन ठेवता ठेवता,
"बकरी मिलुन्काची होती,
हे सांगितलंस ना त्यांना?"